थंडी, मासे आणि गळाचा छंद

पौष-माघांत आपल्याकडील एखाद्या तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी मनुष्यास पुष्कळदां रिकाम्या हातांनीं घरीं परतावें लागतें. जागा तीच, आमिष तेंच. परंतु पावसाळा सरतां सरतां जो मासा गळास झोंबत असे, तो आतां तिकडे ढुंकूनही पाहत नाहीं. तळ्यांतील मासे संपले, असें त्या बिचाऱ्यास वाटतें. वास्तविक मासे तेथेंच, खोल पाण्यांत असतात; त्यांस भूक नसते, इतकेंच.

आपल्या शरीराचें उष्णतामान बाहेरच्या हवेबरोबर बदलत नाहीं. माशांचें तसें नव्हे. भोवतालचें पाणी जितकें थंड, बहुतेक तितकेंच माशाचें शरीर थंड. आणि उष्णतामान १० अंश सेंटिग्रेडनें उतरलें म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणें निम्म्यावर येतो. पचन मंदावतें, हालचाल मंदावते. म्हणूनच रोहू-कटला पाळणारे लोक हिवाळ्यांत खाद्य कमी करितात. मूळची आफ्रिकेची तिलापिया, जिला आपल्याकडे चिलापी म्हणतात, ती तर पाणी १० अंशांच्या आसपास आलें कीं मरूं लागते.

तथापि आपली थंडी बेताची, आणि ती पावलापावलानें येते. थंड देशांतील गोड्या तळ्यांसही सृष्टीचें एक साह्य आहे. गोडें पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालेलें पाणी वरच राहतें, गोठतें, आणि बर्फाखालीं तळाशीं माशांस आसरा उरतो.

हा आसरा जेथें नाहीं तेथें काय होतें, हें अमेरिकेंतील टेक्सस संस्थानाच्या किनाऱ्यावर दिसून येतें. मेक्सिकोच्या आखाताच्या कांठीं लॅगूना माद्रे नांवाची लांबच लांब खारी खाडी आहे. तिचें पाणी पुष्कळ ठिकाणीं माणसाच्या कमरेइतकेंच. एरवीं तें उबदार, म्हणून मासे तेथें आनंदानें चरतात. हिवाळ्यांत कधीं कधीं उत्तरेकडून अकस्मात् गार वारा सुटतो आणि कांहीं तासांत सारी हवा पालटते. उथळ पाणी वाऱ्यानें ढवळलें जाऊन वरपासून तळापर्यंत सारखेंच थंड होतें. आणि समुद्राच्या पाण्यास तर तो ४ अंशांचा गुणही नाहीं. जे मासे वेळेवर जहाजांसाठीं खणलेल्या खोल मार्गांत पोहोंचतात ते बहुधा वांचतात. इतरांचें अंग बधिर होतें, तोल जातो, आणि ते उताणे होऊन तरंगूं लागतात. थंडीपेक्षां थंडीचा अचानकपणाच अधिक घातक, असें आम्हांस वाटतें.

१९८३ च्या डिसेंबरांत या किनाऱ्यावर सुमारें १ कोटी ४० लक्ष मासे मेले. १९८९ सालीं तर दोनदां संहार झाला: फेब्रुवारींत सुमारें १ कोटी १० लक्ष आणि डिसेंबरांत सुमारें ६० लक्ष. २०२१ च्या फेब्रुवारींतील आंकडा निदान ३८ लक्ष होता. त्यांपैकीं बहुतेक मासे गळाच्या शिकारीचे नव्हते. परंतु लहान मासे हेच मोठ्यांचें अन्न, तेव्हां ही हानि क्षुल्लक कशी म्हणावी?

गळाच्या छंदाचा खरा प्रश्न येथेंच उभा राहतो. थंडीनें गारठलेले मासे खोल मार्गांत दाटीनें गोळा होतात, आणि ती जागा ठाऊक असलेला मनुष्य थोड्या श्रमांत टोपली भरूं शकतो. जे वांचले तेच पुढील पिढीचें बीज; तेंच उचललें तर पुढें काय राहणार? म्हणून अशा लाटेच्या वेळीं आसऱ्याच्या जागीं मासेमारी तात्पुरती बंद करण्याचा अधिकार तेथील सरकारी खात्यास आहे, व २०२४ च्या जानेवारींत तो वापरण्यांतही आला. बंदी दोनच दिवसांची होती. पाणी तापलें कीं मासे पांगतात, मग तिची गरज उरत नाहीं.

२०२१ च्या संहारानंतर मात्र अधिक दिवसांचा नियम करावा लागला. ठिपकेदार सीट्राउट हा तेथील हौशी लोकांचा आवडता मासा, आणि शिकारीच्या माशांत त्याचीच प्राणहानि सर्वांत अधिक झाली. तेव्हां एप्रिलपासून लॅगूना माद्रेंत दर माणशीं रोज पांचांऐवजीं तीनच मासे, आणि तेही १७ ते २३ इंच लांबीचे, घेण्याची मुभा राहिली. लहान मासा सोडावा हें कोणासही पटेल. मोठा कां सोडावा, असें आमचे विद्यार्थी विचारतील. या जातींत मोठे मासे बहुधा माद्या असतात, आणि मादी जितकी मोठी तितकीं तिचीं अंडीं अधिक.