जुन्या ट्रकमधील ‘खट्ट’ आवाज आणि ढिलाईचा शोध

धाराशिव जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला, की ढोकी, रांजणी, मुरूम या भागांतील साखर कारखान्यांच्या वाटा उसाच्या वाहनांनी भरून जातात आणि त्यांत वर्षानुवर्षे राबलेले जुने ट्रकही असतात. फडातल्या काळ्या जमिनीतून भरलेली गाडी बाहेर काढताना, वजनकाट्यापुढच्या रांगेत पाच-दहा फूट सरकताना किंवा चढावर गिअर बदलताना अशा ट्रकच्या पोटातून ‘खट्ट’ असा एकच जड आवाज येतो. हा आवाज कानांच्या इतका सवयीचा होतो, की ‘गाडीचे वय झाले’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. वस्तुतः त्यामागे निश्चित कारण असते, ते हाताने चाचपून सापडते आणि वेळीच सापडले तर दुरुस्ती बहुधा थोडक्यात भागते.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत जाताना क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि एक्सल असे टप्पे ओलांडते. प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालून मागे गेलेली पोकळ पोलादी नळी. लांब ट्रकमध्ये ती दोन तुकड्यांची असते आणि तिचा मधला भाग रबराच्या गादीत बसवलेल्या सेंटर बेअरिंगवर पेललेला असतो. गिअरबॉक्स चासीपाशी आपल्या जागी राहतो, परंतु मागचा धुरा कमानपाट्यांवर सतत खालीवर होत असतो. त्यामुळे कोन बदलला तरी शाफ्टला फिरत राहावे लागते आणि अंतर बदलले तर लांब-आखूडही व्हावे लागते. पहिले काम क्रॉस जॉइंट करतो, तर दुसरे काम स्लिप जॉइंट, म्हणजे लांबट खाचांमुळे एकमेकांत सरकणारा जोड, करतो.

अधिकच्या चिन्हासारख्या चार भुजांच्या तुकड्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या प्रत्येक भुजेवर एक कप असतो आणि कपाच्या आत सुयांसारखे बारीक रूळ असतात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणाविषयीच्या आपल्या पुस्तकात अशा सांध्याचे वर्णन केले आणि आजही तो हूकच्या नावाने ओळखला जातो. या सांध्याची एक खोड अशी, की कोनात फिरताना त्यातून पुढे जाणारी गती एकसारखी राहत नाही. दहा अंशांच्या कोनात ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढते आणि दोनदा तेवढीच घटते. हा चढउतार दुसऱ्या टोकाच्या जॉइंटने भरून काढावा लागतो, म्हणून दोन्ही जॉइंटचे काटे, म्हणजे क्रॉसला दोन्ही बाजूंनी धरणारे दुबेळके, ठरलेल्या रेषेतच बसवलेले असतात.

या साऱ्या सांध्यांत फिरण्यापुरती थोडी मोकळीक मुळातच ठेवलेली असते. झीज होऊन ती वाढली, की तिलाच ढिलाई किंवा कारागिरांच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला की सर्व भाग एका बाजूला टेकतात आणि पुन्हा दाबला की मधली फट ओलांडून दुसऱ्या बाजूवर आदळतात. ‘खट्ट’ होतो तो या आदळण्याचा. चासीचे पोलाद हा आवाज दूरवर नेते, त्यामुळे तो जिथे ऐकू येतो तिथेच दोष असेल असे नाही आणि केवळ कानावर विसंबून सुटे भाग बदलल्यास पैसा जातो, आवाज मात्र राहतो. डिफरन्शियलचे प्रमाण सहास एक असेल, तर एक्सलपाशी असलेली एका अंशाची ढिलाई शाफ्टवर सहा अंशांची दिसते. तेवढ्यावरून क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधील मुख्य दात्यांची जोडी, गेली असे ठरवणे घाईचे होईल.

तपासणीसाठी ट्रक रिकामा करून सपाट जागेवर उभा करावा, इंजिन बंद ठेवावे, चाकांना पुढून-मागून भक्कम ठोकळे लावावेत आणि मगच गिअर न्यूट्रल करावा. एकाने शाफ्ट दोन्ही हातांनी मागेपुढे पिळावा आणि दुसऱ्याने एकेका सांध्याकडे पाहावे. एका बाजूचा काटा हलतो आणि दुसऱ्या बाजूचा स्थिर राहतो असे दिसले, तर ढिलाई त्याच क्रॉसमध्ये आहे. टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, शाफ्ट वर उचलून सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का आणि स्लिप जॉइंट आडवा हलतो का, हे पाहावे. त्यानंतर धुऱ्याला कमानपाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट सैल नाहीत ना, याची खात्री करावी आणि एवढे सगळे घट्ट निघाले तरच डिफरन्शियल उघडण्याचा विचार करावा. आवाजाची जातही दिशा दाखवते: हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर क्रॉस कोरडा पडला असण्याची शक्यता असते, भरलेली गाडी हलवताना थरथर होत असेल तर सेंटर बेअरिंगवर संशय घ्यावा आणि वेगात ॲक्सिलरेटरसरशी बदलणारा घूंघूं आवाज क्राउन-पिनियनकडे बोट दाखवतो.

कपाच्या कडेला साचलेली तांबूस भुकटी ही सर्वांत बोलकी खूण होय. ग्रीस आटल्यावर किंवा पाणी शिरल्यावर सुयांचे रूळ कोरडे घासतात, त्यांची भुकटी गंजून बाहेर येते आणि असा क्रॉस उघडला तर भुजांवर सुयांचे समांतर वळ उमटलेले दिसतात, ज्यांवरून बोट फिरवले तरी ते जाणवतात. वळ पडलेल्या क्रॉसला कितीही ग्रीस भरले तरी फट भरत नाही. तो कपांसह बदलावाच लागतो.

शाफ्ट सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडावर खूण करणे अत्यावश्यक आहे, कारण स्लिप जॉइंट एका खाचेने जरी चुकीचा बसला तरी काट्यांची रेषा बिघडते आणि पूर्वी नसलेली थरथर सुरू होते. नळीवर जोडलेले तोलाचे छोटे पत्रे काढू नयेत आणि कप हातोड्याने वेडेवाकडे ठोकू नयेत. नव्या क्रॉसमध्ये चारही कपांच्या कडेने ताजे ग्रीस डोकावेपर्यंत ते भरावे. शाफ्ट काढलेला असताना गिअर टाकून गाडी थांबत नाही, हे विसरून कोणीही तिच्याखाली शिरू नये.

सोलापूरहून तुळजापूरला येणारा रस्ता बालाघाटच्या कडेवर चढतो आणि परतताना भरलेला ट्रक तोच घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने उतरतो. त्या क्षणी क्रॉस तुटला, तर इंजिन आणि चाके यांचा संबंधच संपतो, साऱ्या ओझ्याचा भार एकट्या ब्रेकवर येतो आणि शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यात रुतले तर गाडी उलटण्याचाही धोका असतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी शाफ्ट पिळून पाहण्यासाठी दिलेला अर्धा तास म्हणूनच केवळ गाडीच्या देखभालीचा नसतो. त्यात चालकाच्या आणि त्याच घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची काळजी असते.