मुंबई ते जेद्दा : प्रवास किती तासांचा?

हज-उमऱ्याला निघालेली मंडळी तिकीट घेऊन माझ्याकडे येतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात, "भाईजान, जाताना पावणेतीन तास आणि येताना सव्वासात, असं कसं?"

उदाहरणच घेऊ. विमान मुंबईहून सकाळी दहाला निघालं आणि जेद्दाला दुपारी पाऊण वाजता उतरलं. परतताना दुपारी दोनला निघालं, मुंबईला रात्री सव्वानऊला पोचलं. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सौदी घड्याळ आपल्यामागे अडीच तास. म्हणून जाताना अडीच तास मिळवायचे, येताना वजा करायचे. जाण्याचे होतात सवापाच तास, येण्याचे पावणेपाच.

हा अर्ध्या तासाचा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो, असा अनेकांचा समज आहे. पण पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, त्यामुळे विमानाखालून जमीन सरकून जात नाही. खरं कारण वाऱ्याचं. उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगानं ते चार तासांत संपायला हवं. परंतु विमानाला ठरलेल्या हवाई मार्गानं जावं लागतं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो. असा तासभर वाढतो.

हा हिशेब यात्रेकरूंना का समजावा? मक्केकडे जाताना मीकातची हद्द ओलांडण्याआधी एहरामची नियत करावी लागते. पूर्वी लोक मुंबईहून जहाजानं जात. १९९५ नंतर ती जहाजं बंद झाली. समुद्रावर तयारीला दिवसच्या दिवस मिळत. विमान मात्र मिनिटाला चौदा-पंधरा किलोमीटर कापतं आणि मीकात आकाशातच मागे पडते. जेद्दाला उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधीच ती येते. "पावणेतीन तासांचा प्रवास" किंवा "उतरल्यावर बघू" अशा समजुतीत राहिलेला माणूस तिथं चुकतो. एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत घालून ती विमानाच्या पोटात गेली, तर वर बसून काहीच करता येत नाही.

म्हणून मी सगळ्यांना चार गोष्टी सांगतो. चादरी हातातल्या पिशवीत ठेवा. शक्य तर घरूनच किंवा विमानतळावर एहराम बांधा. घड्याळ जेद्दाला उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर असू द्या, म्हणजे किती तास झाले ते कळेल. आणि विमानात मीकातची सूचना होईल तेव्हा जागे राहा. ज्यांचं विमान आधी मदिनेला जातं, त्यांना ही घाई नाही. त्यांची मीकात पुढे मक्केच्या वाटेवर येते.

आयुष्यभर पैसा पैसा साठवून माणूस या प्रवासाला निघतो. त्याला तिकिटावरचे आकडे नीट वाचून दाखवणं, हीसुद्धा एक सेवाच आहे.