आवाज इंजिनात नाही, मागच्या हवेत

वर्ध्याजवळच्या शिवारात कपाशीचं निंदण चालू असताना डोक्यावरून पांढरी रेघ ओढत विमान जातं. घरघर ऐकून माणूस मान वर करतो, तर आवाज येतो तिथलं आकाश रिकामं! नागपूरवरून जाणाऱ्या हवाई मार्गांमुळे हा अनुभव इथे रोजचा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात विमान आठ-नऊ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मुळात तो आवाज तयार कुठे होतो, याबद्दल मात्र चांगल्या शिकलेल्यांचाही गैरसमज असतो.

“इंजिनात इंधनाचे स्फोट होतात, त्यांचा तो आवाज,” असं सर्रास सांगितलं जातं. जेट इंजिनात मोटारसायकलसारखे सुटे स्फोट होतच नाहीत. इंधन चुलीतल्या जाळासारखं अखंड जळतं. पंख्याचा आणि पात्यांचा आवाज असतो, विमान उतरताना तो विशेष जाणवतो. पण उड्डाणाच्या वेळच्या त्या जाड गर्जनेचा मोठा वाटा इंजिनाच्या बाहेर, मागच्या हवेत तयार होतो. वेगाने सुटलेला झोत स्थिर हवेला भिडतो, भोवरे उठतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात. ही खळबळ म्हणजेच आवाजाचा उगम. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून बघा. काही फिरत नाही, काही जळत नाही, तरी फुस्स होतंच.

“झोताचा वेग दुप्पट, तर आवाज दुप्पट” हाही अंदाज साफ चुकतो. 1952 मध्ये, म्हणजे जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली त्याच वर्षी, जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने प्रवाहाची मूळ समीकरणं, त्यातलं काहीही न गाळता, नव्या रूपात मांडली. डावीकडे शांत हवेतून जाणारी ध्वनिलहर, उजवीकडे भोवऱ्यांची सगळी खळबळ. त्यातून निघालं ते असं: आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती 256 पट! झोत ध्वनीहून बराच वेगवान झाला की नियम बदलतो, त्याखाली मात्र तो चांगला लागू पडतो.

याच नियमाने “मोठं इंजिन म्हणजे मोठा आवाज” हा समजही खोटा ठरतो, आणि मला तर हा हिशेब फार सुंदर वाटतो. इंजिनाचा रेटा ढोबळमानाने झोताच्या वेगाच्या वर्गावर आणि तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो. वेग निम्मा करा, क्षेत्रफळ चौपट करा. रेटा तेवढाच राहील. आवाज? क्षेत्रफळामुळे चौपट वाढला, वेगामुळे 256 पट घटला, म्हणजे उरला चौसष्टावा भाग, 18 डेसिबल कमी. आजची इंजिनं पूर्वीपेक्षा इतकी लठ्ठ का, याचं एक कारण इथे आहे. इंधनाची बचतही त्यातूनच होते.

“भोवऱ्यांचा काही नेम नाही, मग गणित कसलं करणार?” हा प्रश्न रास्त आहे. पत्र्यावर पावसाचा पुढचा थेंब कुठे पडेल ते कुणीच सांगू शकत नाही; सरीचा जोर वाढला की पत्रा किती वाजेल, ते मात्र सांगता येतं. खरी अडचण दुसरीच आहे. झोताच्या ऊर्जेपैकी एक टक्काही आवाजात जात नाही, त्यामुळे संगणकाच्या गणितातली बारीक चूकसुद्धा आवाज असल्याचं सोंग घेते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संजीव लेले यांनी 1992 मध्ये लहरी न बिघडवता गणित करण्याची जी पद्धत मांडली, ती या क्षेत्रात जगभर वापरली गेली. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झोताच्या आवाजाची थेट संगणकीय भाकितंही केली. त्यातल्या एका पद्धतीत मोठ्या भोवऱ्यांचं गणित प्रत्यक्ष करतात आणि लहानांचा परिणाम ठोकताळ्याने धरतात. म्हणजे अंदाज अजूनही लागतोच, पण तो मोजमापाशी ताडून पाहिलेला असतो.

नागपूरला मिहान प्रकल्पात बोइंगने उभारलेलं विमान-दुरुस्ती केंद्र आहे. तिथे किंवा कुठल्याही विमानतळावर बोइंगचं ड्रीमलायनर विमान उभं दिसलं, तर इंजिनाच्या आवरणाच्या मागच्या कडेला असलेले करवतीसारखे दाते नक्की बघा. झोत बाहेरच्या हवेत नीट मिसळावा आणि गर्जना उतरावी, यासाठी ते तिथे कापलेले आहेत.