क्रोक मस्यू : पाण्याचा हिशोब

पॅरिसच्या कॅफेत दुपारी मिळणाऱ्या क्रोक मस्यूच्या नावातच त्याची अट आहे. 'क्रोके' म्हणजे कुरुमकुरुम चावणं आणि 'मस्यू' म्हणजे महाशय. 1919 साली गाँकूर पुरस्कार मिळालेल्या मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतही हे नाव येतं. पाव, हॅम, चीज आणि लोणी एवढ्यावर भागतं, म्हणून हा पदार्थ सोपा वाटतो. पण माझ्या मते तो उभा आहे तो पाण्याच्या हिशोबावर. पाव ओला असेपर्यंत त्याचा पृष्ठभाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही. सोनेरी रंग आणि खरपूस वास यायला मात्र साधारण 140 अंश लागतात. म्हणून दाट जाळीचा चौकोनी पाव आदल्या दिवशीचा घेतलेला बरा, आणि लोणी त्याच्या बाहेरच्या अंगाला लावायचं. पॅरिसचं हॅम मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेलं असतं. त्याचा काप जाड ठेवला की तापल्यावर पाणी सोडतो आणि पाव आतून भिजतो. म्हणून काप पातळ हवा, आणि तोही टिपून घेतलेला. ग्रुयेर किंवा कोंते ही चीजं मुरलेली, कमी ओलाव्याची असतात, त्यामुळे वितळली तरी वाहत नाहीत.

मग दुधाचा बेशामेल सॉस कशाला, हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या लोण्यात तव्यावर परतलेलं, सॉस नसलेलं क्रोक मस्यू आजही करतात आणि ते चांगलंच लागतं. तरीही मी बेशामेलच्या बाजूने आहे, मात्र तो घट्ट असेल तरच. लोणी आणि मैदा 30-30 ग्रॅम, दूध पाव लिटर. मैदा मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, पण त्याला रंग येऊ द्यायचा नाही. दूध थोडं थोडं घालत गुठळी मोडत राहायचं, शेवटी जायफळ किसायचं. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की सॉस झाला. आता दुधातलं पाणी मैद्याच्या फुगलेल्या कणांनी धरून ठेवलेलं असतं, ते सहजासहजी पावात झिरपत नाही. शिवाय वरच्या कडक आचेखाली नुसतं चीज तेल सोडतं. खाली बेशामेलचा थर असला की ते बरंचसं एकसंध राहून डागाडागांनी तांबूस होतं. अट एकच : सॉस पसरण्याआधी दोन्ही बाजू तव्यावर शेकून घ्यायच्या. हे टाळून सगळं एकदम ओव्हनमध्ये ढकललं की वर सुंदर रंग येतो आणि खालचा पाव लिबलिबीत राहतो. आक्षेप घेणाऱ्यांनी बहुधा असंच क्रोक मस्यू खाल्लेलं असतं.

क्रोक मादाममध्ये वर तळलेलं अंडं येतं. त्यातला पातळ बलक म्हणजे पुन्हा ओलावाच. पण अंडं ठेवतात ते सगळ्यात शेवटी, ओव्हनमधून काढल्यावर. आणि बलक फुटतो तो ताटात, सुरीखाली, पाव अजून कडक असताना.