ऑनलाइन ग्रंथातील गणिती सूत्र आणि देवनागरी अक्षर

शास्त्रीय विषयावरील मराठी ग्रंथ संगणकाच्या पडद्यावर आणताना सूत्रांचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो संहितेचा प्रश्न आहे. सूत्र हे वाक्याचेच अंग असते. ते चित्र म्हणून डकवले तर त्यातील मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणक ते वाचून दाखवू शकत नाही. साध्या ओळीत टंकित केले तर अर्थच पालटण्याचा धोका असतो.

एक उदाहरण घेऊ. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवर इंदिरासागर धरण असून त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत. दरवाजाखालून मोकळेपणे वाहणाऱ्या पाण्याचा विसर्ग सांगणाऱ्या सर्वसाधारण सूत्रात २, गुरुत्वत्वरण व पाण्याची खोली या तिन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ येते. खोली ५ मीटर धरल्यास ते सुमारे ९.९ भरते. वर्गमूळचिन्हाची आडवी रेघ लोपून मूळ केवळ २ या अंकाचे उरले, तर उत्तर सुमारे ६९.४ येते, म्हणजे सातपट! नदीकाठच्या गावांच्या दृष्टीने ही रेघ क्षुल्लक म्हणता येणार नाही.

या अडचणीवर ‘मॅथजॅक्स’सारखे प्लगइन हा रूढ उपाय होय. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेल्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीच्या खुणांत लेखक सूत्र लिहितो. वाचकाच्या पडद्यावर प्लगइन त्या खुणा वाचून मूळ, घातांक, अपूर्णांक यथास्थान मांडते. सूत्र मजकूरच राहते.

मात्र ‘टेक’चा संकेत रोमन लिपी गृहीत धरतो: सूत्रातील प्रत्येक सुटे चिन्ह म्हणजे एक स्वतंत्र राशी. येथे आपल्या परंपरेशी त्याचा खटका उडतो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात अव्यक्त राशींसाठी ‘या’, ‘का’, ‘नी’ अशी आद्याक्षरे योजली. ती यावत्तावत्, कालक, नीलक यांची. ही पूर्ण अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र ‘या’ म्हणजे ‘य’ आणि काना अशी दोन चिन्हे, तर ‘क्ष’ म्हणजे तीन. प्लगइनने ती सुटी मानली की काना अक्षरापासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकतो आणि एका राशीच्या दोन राशी होतात. (आठ शतके टिकलेली खूण एका कान्यापायी मोडावी, हे मौजेचे खरे.) यावर तोडगा असा की देवनागरी अक्षर सूत्रातही ‘मजकूर’ या खुणेत बंदिस्त करावयाचे. तसे केल्यास अक्षर अखंड राहते. पण त्याचा टंक वाचकाच्या यंत्रातून घेतला जात असल्याने मूळचिन्हाखालची वेलांटी वा मात्रा रेघेला भिडली नाही ना, हे डोळ्यांनी तपासावे लागते.

अंकांचीही तीच गत. प्लगइनच्या मूळ व्यवस्थेत संख्या म्हणजे आंतरराष्ट्रीय (0 ते 9) अंकांची माळ. १९८८ मधील चारही अंक त्याला चार वेगळी चिन्हे वाटतात. ही व्याख्या बदलण्याची सोय आहे. ग्रंथसंपादकाने ती व अक्षरांसाठीची खूण पहिले प्रकरण टंकित होण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. नंतर शेकडो सूत्रे एकेक करून दुरुस्त करणे फार जिकिरीचे ठरते.