लिओन्टिअसचे डोळे

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, चौथ्या भागात, लिओन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट येते. आज आपण तिथूनच सुरुवात करू. हा गृहस्थ पिरेअस बंदराकडून अथेन्सला चाललेला. तटाबाहेर देहदंड दिलेल्यांची प्रेतं पडलेली. बघावंसंही वाटतं आणि किळसही येते. थोडा वेळ तो तोंड झाकून घेतो. शेवटी धावतच जवळ जातो, डोळे फाडून बघतो आणि स्वतःच्या डोळ्यांनाच शिव्या घालतो.

म्हणजे बघा, भडक दृश्याची ओढ ही काही सिनेमाने लावलेली खोड नव्हे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, प्रेताचं हुबेहूब चित्र बघताना आपल्याला आनंद होतो, कारण आपण ते ओळखतो, काहीतरी शिकतो. उत्तर चांगलं आहे, पण जरा सोवळं. लिओन्टिअस काही शिकायला धावला नव्हता!

मग भडक कलाकृती वेगळी कशाने ठरते? विषयाने तर नाही. तेओदोर झेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ घ्या. 1816 साली आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ मेड्युसा हे फ्रेंच जहाज रुतलं. तराफ्यावर सुमारे दीडशे माणसं चढली. 13 दिवसांनी 15 जिवंत सापडली. त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं होतं. झेरिकोने तोडलेले हातपाय, मुंडकी समोर ठेवून रंगवली, माणसं माणसांना खातायत असं रेखाटनही केलं. पण 1819च्या चित्रात ते घेतलं नाही. तिथे प्रेतं आहेत, खालच्या कडेला. आपली नजर मात्र माणसांच्या अंगांवरून वर चढत जाते, क्षितिजावरच्या नखाएवढ्या जहाजापर्यंत. पुढच्या वर्षी लंडनमध्ये हे चित्र तिकीट लावून दाखवलं, तर तोबा गर्दी. बरेचसे लिओन्टिअसच असणार.

भडक सिनेमा नजर प्रेतावरच खिळवून ठेवतो. वर एक सवलत देतो: दोन तास अत्याचार चवीने दाखवायचे आणि अखेरीस दहा मिनिटं न्याय. डोळ्यांना शिव्या घालायची वेळच येत नाही, आपण समाधानाने घरी. आमची तक्रार रक्ताबद्दल नाही, या सवलतीबद्दल आहे.

हिचकॉकने ‘सायको’मध्ये, 1960 साली, ती दिली नाही. खुनानंतर नॉर्मन न्हाणीघर धुतो, प्रेत गाडीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता क्षणभर अडकते. आणि आपल्याला वाटून जातं, बुडू दे एकदाची!