डिझेल वाचवणारा चुंबक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिझेलच्या नळीवर दोन चुंबक समोरासमोर ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचे, की डिझेल पंधरा-वीस टक्के कमी लागते, असे विक्रेते सांगतात. तळवड्याहून चाकणला सुटे भाग नेणारा टेम्पोवाला असो की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातला तांडेल, दोघांनाही हा दावा भुरळ घालतो. दोघांच्या कमाईतला मोठा वाटा डिझेलच खाते, आणि मासेमारीच्या कित्येक बोटींत इंजिनही मुळात ट्रकचेच, समुद्रासाठी बदलून घेतलेले असते. चुंबकाने डिझेलचे कण सुटे होतात आणि एरवी न जळता वाया जाणारे इंधन पुरते जळते, असे त्यामागचे कारण दिले जाते. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. सुस्थितीतल्या डिझेल इंजिनात ९८ टक्क्यांच्या वर इंधन जळतेच. एका लिटरात साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातली साडेतीन-चार कामी येतात, बाकीची बहुतेक सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे उष्णता होऊन निघून जाते. ही उष्णता डिझेल जळून झाल्यावरची, नळीवरच्या चुंबकाचा तिच्याशी संबंधच नाही. वाचवण्यासारखे फार तर दोन टक्के उरतात, मग पंधरा येणार कुठून? पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या किटचेही तेच: त्याला लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवते, आणि प्रत्येक टप्प्यावर घटच होते.

‘पण आमचे डिझेल खरेच वाचले’, असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. उपकरण बसवताना बहुधा एअर फिल्टर आणि ऑइलही बदलले जाते, मालक हिशेब ठेवू लागतो, चालकाचा पाय हलका होतो. बोटीत तर हा परिणाम फारच मोठा असतो. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के डिझेल कमी लागते. तांडेलाने ॲक्सिलरेटर किंचित मागे घेतला, की श्रेय चुंबकाला मिळते. त्यात भरती-ओहोटी, वारा, बर्फाचे वजन, बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले. टेम्पोच्या बाबतीत चाकणची कोंडी आणि परतीची रिकामी खेप. टाकीवरून काढलेल्या ॲव्हरेजमध्ये हे सगळे मिसळलेले असते.

‘प्रमाणपत्र आहे’, हा दुसरा आक्षेप. ते कशाचे, हे वाचावे. पीयूसीत डिझेल गाडीचा धूर तपासतात, इंधन मोजत नाहीत. इंधन मोजण्याची सोय पुण्यातच आहे: १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाने आणि भाराने चालवून ते मोजता येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर उपकरणे तपासली. मोजक्याच उपकरणांनी किंचित फरक दाखवला. इंजिन कंपन्या मुद्दाम दडपतात म्हणावे, तर मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे आणि एकेका टक्क्यासाठी कंपन्या कोट्यवधी खर्च करतात. स्वस्तात पंधरा टक्के देणारा चुंबक त्यांनी कारखान्यातच बसवला असता. तरीही विक्रेता हट्ट धरत असेल, तर डिझेल मापाच्या कॅनमधून द्यावे, तोच भार आणि तोच मार्ग ठेवावा, आणि चुंबक कधी लावून कधी काढून अनेक फेऱ्या कराव्यात, तेही चालकाला न कळवता.